चौथा महिना

हर्षदा लग्न होऊन शिरपूरहून सुरतेला आली त्याला अकरा वर्षं झाली होती. नवरा, चेतन, हजीऱ्याच्या एका कारखान्यात. कंपनीची बस सकाळी सव्वासहाला पर्वत पाटियाच्या नाक्यावरून त्याला घेऊन जाई. संध्याकाळी आला की तो जेवे आणि मोबाइल बघता बघता झोपी जाई. भांडण नव्हतं, बोलणंही नव्हतं. सहा वर्षांच्या जुळ्या मुली आपसांत गुजरातीत बोलत. आई जवळ आली की गप्प होत.

त्या दोघींच्या वेळी सुटलेलं पोट परत आत गेलंच नाही. बाकी अंगाने ती काटकुळी. अंथरुणातून उठताना पोटाच्या मधोमध उभा उंचवटा येई. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तपासून सांगितलं होतं, पोटाचे डाव्या-उजव्या अंगाचे स्नायू बाळंतपणात लांब गेले, ते जुळले नाहीत. मध्ये चार बोटं मावतील एवढं अंतर आहे. तिने वर्षभर नेमाने व्यायाम केला. कंबर दुखायची थांबली, पोट होतं तिथेच राहिलं.

लिफ्टमध्ये, भाजीच्या हातगाडीपाशी बाया कौतुकाने विचारत, "कितवा?" ती म्हणे, "नाही हो, तसं काही नाही." विचारणारी ओशाळून तोंड फिरवी, आणि बोलणं तिथेच संपे.

फेब्रुवारीत तळमजल्यावरच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या पुष्पाबाई सवाष्णींना ओटीचं तबक पुढे करत बसल्या होत्या. त्या धुळ्याकडच्या, विधवा, पासष्टीच्या. मुलगा-सून कामरेजला वेगळे राहत. हर्षदाकडे बघून त्यांनी अहिराणीत विचारलं, "कितला महिना व्हयनात वं माय?"

हर्षदाने नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं. बाहेर पडलं ते, "चौथा."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दार वाजलं. पुष्पाबाई डबा घेऊन उभ्या. फुनके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, आणि कढी.

"खाई ले. नवरा पाय दाबस का नई?"

"ते दमून येतात हो, मावशी."

"दमस!" पुष्पाबाईंनी तिच्या पोटाकडे बोट दाखवलं. "मंग हाई काय मी करं?"

हर्षदाला हसताना ठसका लागला. पुष्पाबाईंनी पाठीवर हात फिरवला. कोणाचा तरी हात पाठीवरून फिरून किती वर्षं झाली, ते तिला आठवेना.

मग त्या रोज येऊ लागल्या. हर्षदा रोज ठरवी, उद्या सांगायचं. पण अकराच्या सुमाराला तिचे कान दाराकडे लागत. सहाव्या आठवड्यात पुष्पाबाईंनी आपली दोन मऊ लुगडी फाडून बाळासाठी गोधडी शिवायला घेतली.

त्याच आठवड्यात ती प्लास्टिक सर्जनकडे एकटी गेली. ती वेळ तिने जानेवारीतच घेऊन ठेवली होती. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं: स्नायू ओढून शिवता येतील, लोंबणारी कातडी काढता येईल, पण आणखी मूल हवं असेल तर आत्ता नको.

"मूल नको," हर्षदा म्हणाली.

"मग हरकत नाही. पण सहा आठवडे जड उचलायचं नाही. पहिले काही दिवस तर वाकूनच चालावं लागेल. घरी बाईमाणूस कोण आहे?"

आई वारली होती, सासू गावी अंथरुणाला खिळलेली. चेतनला चार दिवसांच्या वर रजा मिळणार नव्हती. हर्षदाने टेबलावरच्या संमतीच्या कागदाकडे बघितलं. "सांगते," म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आत ती बोलली. "मावशी, मला दिवस नाहीत. नव्हतेच. हे पोट असंच आहे."

पुष्पाबाईंच्या हातात सुई होती. त्यांनी टाका पुरा केला, दोरा दातांनी तोडला.

"दीड महिना तू मना हातनं खादं?"

"खाल्लं."

"मी काय येडी शे?"

"मी एकटी असते हो दिवसभर."

"आनि मी काय भरेल घरमा ऱ्हास का?" त्यांनी गोधडी गुंडाळली, भरलेला डबा उचलला आणि निघून गेल्या.

अकरा दिवस दार वाजलं नाही. बाराव्या दिवशी हर्षदा खाली तिसऱ्या मजल्यावर गेली. ऑपरेशनचं सांगितलं, घरी कोणी नाही तेही सांगितलं. या वेळी काही लपवलं नाही. पुष्पाबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या.

"ऱ्हासू मी," त्या म्हणाल्या. "पन तुन्हासंगे बोलाव नई."

आणि त्या बोलल्या नाहीत. ऑपरेशन झालं. पुष्पाबाई रोज येत, मुलींच्या वेण्या घालत, पाण्याच्या बादल्या भरून ठेवत, हर्षदाला धरून न्हाणीपर्यंत नेत, पोटाचा पट्टा आवळून देत. हर्षदाच काय ते सांगत बसे: मुलींच्या शाळेचं, शिरपूरच्या घराचं. उत्तर येत नसे, पण पुष्पाबाई उठूनही जात नसत.

बेचाळिसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी वजन उचलायची परवानगी दिली. हर्षदा घरी आली. न्हाणीत बादली भरलेली होती, पुष्पाबाई दारातून बघत होत्या. आणखी महिनाभर जड उचलायचं नाही, एवढं म्हटलं असतं तर पुष्पाबाई येत राहिल्या असत्या. डॉक्टरीणबाईंना कोणी विचारायला जाणार नव्हतं.

तिने दोन्ही हातांनी बादली उचलली, स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

पुष्पाबाईंनी खोचलेला पदर सोडला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेल्या. पोट सपाट होतं. हर्षदा बराच वेळ बादलीशेजारी उभी राहिली.