जागेवर न सापडणारा तारकस

लेकीच्या शालूसाठी जरीची तार हवी होती, म्हणून मी सिंधीपुऱ्यातल्या एका तार ओढणाऱ्याकडे महिनाभर खेपा घातल्या. कचेरीत गोऱ्या साहेबाची बोलणी खायची, मग उन्हातून इथवर यायचं, आणि हा जागेवर नाहीच. सकाळी तापीत पोहायला गेलेला. दुपारी आईबरोबर जेवून झोपलेला. संध्याकाळी भजनाला. मधे वेळ उरला तर काम.

एकदाचा सापडला तेव्हा मी त्याला फैलावर घेतलं. त्यानं हातातली तार शांतपणे विस्तवावर धरली.

"एकसारखी खेचली तर तुटून जाते, भाऊसाहेब. बीचमधी तापवून नरम करावी लागते."

म्हणजे हा स्वतःलाही तारच समजत होता.

"लग्न तोंडावर आलंय," मी म्हणालो. "विणकर तुमच्यासाठी खोळंबलाय."

"मग सांगा ना, बारीक ओढू की जाड? पोरीला कसा पदर आवडतो?"

मला सांगता येईना. त्याच्याकडे मी रोज येत होतो, लेकीशी मात्र महिनाभर धड बोललो नव्हतो.

"उद्या विचारून सांगतो," मी चिडूनच म्हणालो.

"उद्या कशाला? आज लवकर घरी जा," तो म्हणाला, आणि भजनाला निघून गेला.