फुप्फुसातलं काळं पाणी

होडीच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून एका नव्या रंगात तांब्याच्या ऑक्साइडचे नॅनोकण घातले होते, केसाहून कितीतरी बारीक. ते अंगात गेले तर काय होतं, हे पांढऱ्या उंदरांवर तपासायचं काम आमच्या प्रयोगशाळेत माझ्याकडे होतं. बाबा देवबागचे मच्छीमार. होडीचा रंग त्यांच्या हाताला कायम लागलेला. त्यामुळे मी गावात जरा तोऱ्यातच असायची.

उंदराच्या तोंडातून बोथट सुई पोटापर्यंत सरकवायची आणि काळं मिश्रण सोडायचं. सुई अडली तर थांबायचं, जोर करायचा नाही, हे सरांनी शंभरदा बजावलेलं. त्या शनिवारी माझी एसटी चुकणार होती. सुई अडली, तरी मी रेटली. सगळ्यात जास्त डोसच्या पिंजऱ्यातला तो उंदीर माझ्या मुठीतच तडफडून गेला.

सरांनी तो मलाच फाडून बघायला सांगितला. फुप्फुसात काळं पाणी होतं. म्हणजे मिश्रण श्वासनळीत गेलं होतं. तो विषानं नाही, माझ्या घाईनं मेला होता. वहीत मी लिहिलं, 'फुप्फुसं ठीक. मृत्यू डोसमुळे.' झाकली मूठ सव्वा लाखाची!

सरांनी वही वाचली. "डोस फार झाला. कमी करून पुन्हा पहिल्यापासून करू." म्हणजे होते तेवढे सगळे उंदीर मारायचे आणि नवे मागवायचे. तेव्हा तरी तोंड उघडायचं! मी "हो सर" म्हटलं.

नवे उंदीर आले, त्याच आठवड्यात बाबांनी मला देवळात नेलं. नव्या कामाआधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, ही आमच्याकडची रीत. गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालणारे मानकरी, गावकार, देवापुढे उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराकडसून काय चुकला आसात तर पोटात घाल, आणि तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. बाबांनी कोपरानं ढोसलं, "म्हण गो!" मग मीही म्हटलं.

नव्या खेपेत एकही उंदीर सुईनं दगावला नाही. ठरल्या दिवशी, आतून तपासायला, ते सगळे मीच मारले. सर म्हणाले, "आता बसला हो तुझा हात." सांगायला शरम वाटते, पण मी खूश झाले. बाबांना फोन करून कळवलंसुद्धा.

"देवान आयकल्यान गो," बाबा म्हणाले.

वही मी अजून दुरुस्त केलेली नाही.