नणंदेची पत्रिका
पत्रिकेच्या कोपऱ्याला लावलेल्या ओल्या हळदीचा वास आला, की मला नणंदेचं लग्न आठवतं. आमच्या पांढुर्ण्याच्या घरात लग्न निघालं की पत्रिका मीच करायची, कारण नागपूरला दोन वर्षं राहून मी डिझाइनचं महागडं सॉफ्टवेअर शिकले होते. पण नणंदेच्या लग्नाआधी एका दुपारी धाकट्या जावेनं मोबाइलच्या ब्राउझरवरच, फुकटात, पत्रिका करून दाखवली. "ताई, एकदा पाहून घ्या ना, प्रेसले पाठवून राहिली," ती म्हणाली. सासूबाई तर हरखूनच गेल्या. "मोठीले आठ दिवस लागत, हिनं चहा उकळेपर्यंत केली!" मी जावेच्या हातून मोबाइल घेतला. सावरगावच्या व्याह्यांचं आडनाव चुकलेलं मला स्पष्ट दिसलं, तरी मी म्हणाले, "छान आहे, पाठव." छापलेली पत्रिका व्याह्यांनी परत पाठवली, तेव्हा जाऊ हमसून हमसून रडली. "तुमच्या नजरेतून कसं सुटलं, ताई?" "चष्मा नव्हता लावला," मी म्हणाले. आता अर्धं गाव तिच्याकडून पत्रिका करून घेतं, आणि ते मला अजूनही बोचतं. ती मात्र प्रत्येक पत्रिका आधी माझ्याच हातात देते, आणि मी खाली मान घालून एकेक अक्षर दोनदा वाचते.