बाईंचे हात कुणी धरले

काका पडले तेव्हा वर्गातले दोन डॉक्टर हसले. मी त्यांना दोष देत नाही. आमच्या वर्गात काकांचं कामच नाटक करायचं होतं. खाटेवर रबरी पुतळा झोपवलेला असायचा, तो पेशंट, आणि काका त्याचे थोरले भाऊ. डॉक्टरांची बाही धरायची, "आधी मला सांगा, माझ्या भावाला काय झालंय?" म्हणून थयथयाट करायचा आणि डॉक्टरांचं डोकं फिरवून सोडायचं. पोस्टातली नोकरी संपल्यावर माणसाने काय करावं? काकांना हौशी नाटकांची खोड होतीच, इथे फुकटचे प्रेक्षक मिळाले.

पण काका कधी पडत नसत. गुडघ्यांची वाट लागलेली. खुर्चीत बसायचं तरी दोन्ही हात टेकून, आईगं म्हणत. जमिनीवर पडायचं नाटक त्यांना लाख रुपये दिले असते तरी जमलं नसतं. हे त्या वर्गात दोघींनाच ठाऊक होतं, मला आणि बाईंना. बाई जिथून वर्ग बघायच्या त्या काचेमागच्या खोलीचं दार भिंतीवर आदळलं आणि बाई धावत आल्या. काकांच्या मानेला बोटं लावली, नाकाशी गाल नेला.

"नाटक नाही हे," त्या म्हणाल्या. "नाडी नाही. या सगळे."

आणि त्यांनी नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून दाबायला सुरुवात केली.

बाई कोण ते आधी सांगते, नाहीतर पुढचं डोक्यात शिरायचं नाही. बाई इमर्जन्सीच्या डॉक्टर. मोठ्या माणसाचं हृदय अचानक बंद पडलं तर काय करायचं, हे त्या डॉक्टरांना शिकवतात, आणि मी, त्यांच्या हाताखालची सिस्टर, इतकी वर्षं त्यांच्याबरोबर राबते. त्यांना कुणी मॅडम म्हणत नाही. शाळेतल्या बाई जशा कान पिळतात तशा या पिळतात, म्हणून बाई. जिभेला हाड नाही. एका सर्जनला त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "छाती दाबतोयस की उशी झटकतोयस?" तो सर्जन वयाने त्यांच्याएवढाच होता.

त्यांचा स्वभाव असा का, तेही मला माहीत आहे. नवीन नवीन डॉक्टर असताना त्यांनी एक पेशंट असा पाहिला होता, की खाटेभोवती सहा शहाणे उभे, सगळे बोलतायत आणि दाबत कुणीच नाही. तो माणूस त्या गोंधळातच गेला. तेव्हापासून बाईंचा कायदा एकच: लीडर एकजण, आवाज त्याचा, बाकीच्यांनी हात चालवायचे आणि तोंड बंद ठेवायचं. चूक दिसली तर कुणीही बोला, असं त्या शिकवायच्या खऱ्या. पण बोलून बघायची हिंमत कुणाच्यात होती?

दुसरा कायदा, खरं वाटलं पाहिजे. वर्ग वर्गासारखा वाटला की बाईंना खपायचं नाही. फरशीवर पाणी ओतायच्या, मधेच फोन वाजवायच्या, काकांना आणखी ओरडायला लावायच्या. आमचं शॉक द्यायचं यंत्र शिकवण्यापुरतं होतं. दिसायला हुबेहूब खऱ्यासारखं, बोलायचं, पडद्यावर हृदयाच्या ठोक्यांची रेघ दाखवायचं, "शॉक दिला" म्हणायचं, पण वीज सोडायचं नाही. पुतळ्याला कशाला हवीय वीज? ते ओळखू यावं म्हणून त्यावर पिवळी पट्टी असायची. पट्टी दिसली की डॉक्टरांना खेळ वाटतो, म्हणून बाईंनी ती खरवडून काढली. मी तेव्हाच तोंड वाजवलं होतं. उद्या घाईत कुणी हे उचलून खऱ्या पेशंटकडे नेलं म्हणजे? "सिस्टर, तुम्हाला दोरीतसुद्धा साप दिसतो," बाई म्हणाल्या. "वर्गातलं यंत्र वर्गाबाहेर जातंय कशाला?"

ते वर्गाबाहेर गेलं नाहीच. खरा पेशंट वर्गात आला.

बाई दाबत होत्या, मोठ्याने मोजत होत्या. "यंत्र आणा," त्या ओरडल्या, आणि पैलवानाने हात लांब करून ट्रॉलीवरचं यंत्र घेतलं. पैलवान म्हणजे वर्गातला धिप्पाड डॉक्टर, पुतळ्याच्या बरगड्यांची स्प्रिंग मोडणारा. त्याची काय चूक? रोज तिथूनच घ्यायचं, हात न बघता तिकडेच गेला पाहिजे, हेच तर आम्ही शिकवत होतो. मी भिंतीकडे तोंड करून खालच्या इमर्जन्सीला फोन लावत होते. लिफ्टजवळच्या पेटीत खरं यंत्र होतं. ते माझ्याही डोक्यात आलं नाही, कारण मागून रोजचाच आवाज येत होता. शॉक द्या. सगळे बाजूला. शॉक दिला.

काकांच्या डोक्याशी वर्गातलीच एक डॉक्टर बसली होती, कुजबुज. फुगा दाबून काकांना श्वास देत होती. हिचं हे नाव बाईंनीच पाडलेलं. चाळिशीतली, दोन मुलांची आई, डॉक्टर म्हणून हुशार, पण आवाज असा की शेजारच्याने कान टवकारावेत. परीक्षेत लीडर म्हणून उभी राहिली की तिचं बोलणं खाटेच्या पायथ्यापर्यंतही पोचायचं नाही. बाईंनी तिला दोनदा नापास केलं होतं. त्या दिवशी तिसरी खेप होती, आणि काकांनी तिचीच बाही धरली होती.

"बाई," ती म्हणाली. "यंत्र..."

"फुगा दाब. मध्ये बोलू नकोस."

दाबणं चालू होतं. काकांचे ओठ निळे पडायला लागले होते. फोन ठेवून मी वळले, काकांचा सदरा कात्रीने पुरता उघडला आणि मनात म्हटलं, गेले. खोटं कशाला बोलू, मला तसंच वाटलं. यंत्र पुन्हा बोललं, पुन्हा सगळे बाजूला झाले, पुन्हा "शॉक दिला." बाईंनी परत छातीवर झेप घेतली. घाम त्यांच्या नाकावरून काकांवर टपकत होता.

"बाई, हे यंत्र..."

"गप्प बस म्हटलं ना तुला!"

कुजबुजने फुगा शेजारच्या डॉक्टरच्या हातात दिला. गुडघ्यांवर सरकत ती काकांच्या दुसऱ्या बाजूला आली आणि तिने बाईंची दोन्ही मनगटं धरली. दाबणं थांबलं.

ज्याने तो वर्ग केलाय त्यालाच कळेल ही केवढी भयंकर गोष्ट आहे. छातीवरून हात काढणं म्हणजे आमच्याकडे पापच. बाईंनी हात सोडवायला हिसडा दिला, पण ते सुटले नाहीत. बाईंचं मोजणं थांबलं होतं, म्हणून कुजबुज तिच्या नेहमीच्याच आवाजात बोलली तरी सगळ्यांना ऐकू आलं.

"हे शिकवायचं यंत्र आहे. काकांचं अंग हललं नाही. आणि तुम्ही एवढं दाबताय, रेघ वेडीवाकडी व्हायला हवी होती. ती तशीच चाललीय."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर पुस्तकात छापावी तशी देखणी रेघ नाचत होती. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"पैलवान, तुम्ही दाबा. आत्ता," कुजबुज म्हणाली. "सिस्टर, लिफ्टजवळचं यंत्र. बाई, उठा. डोक्याशी बसून श्वास द्या."

बाई उठल्या. त्यांना उठ म्हणणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि त्या मुकाट्याने उठल्या.

मी पळाले. माझं वय, माझं वजन, कशाचं भान नव्हतं. एक चप्पल दारातच राहिली. पेटीचं दार अडकलं होतं, त्याला मी जे शब्द वापरले ते इथे सांगण्यासारखे नाहीत. यंत्र आणलं, काकांच्या छातीवरच्या आधीच्या यंत्राच्या चिकट पट्ट्या ओरबाडून काढल्या, नव्या चिकटवल्या. पडद्यावर रेघ उमटली. पैलवान दाबेल तशी ती कशीही उड्या मारत होती, अगदी कुरूप. ती पाहून मला हायसं वाटलं. पैलवान थांबला तरी रेघ थरथरतच राहिली. शॉक देण्यासारखी होती.

सगळे बाजूला. शॉक. या वेळी काका हलले, एक पाय खाटेच्या लोखंडावर आपटला. पैलवानाने लगेच दाबायला घेतलं. नाडी नाही. खालून माणसं इंजेक्शन घेऊन आली, कुजबुज त्यांना एकेक काम सांगत होती आणि प्रत्येकजण वाकून ऐकत होता. पुन्हा शॉक. पुन्हा दाबणं. बाई फुगा दाबत होत्या आणि काकांच्या कपाळाकडे बघत होत्या, दुसरीकडे कुठेच नाही.

मग कुजबुजने हात वर केला. पैलवान थांबला. तिने काकांच्या मानेवर बोटं ठेवली आणि ती बोलेचना. बोल की गं काहीतरी, मी मनात शिव्या घालत होते.

"आहे," ती म्हणाली. "नाडी आहे."

काकांना वर अतिदक्षता विभागात नेलं. बाई बाहेर बाकावर बसल्या, तो फुगा अजून त्यांच्या हातातच होता. मी चहा आणला, तो तसाच निवला. मग त्या म्हणाल्या, "सिस्टर, त्यांना वीज हवी होती आणि मी नुसती दाबत बसले."

"दाबलंत म्हणून मेंदूला रक्त पोचलं."

"सांत्वन करू नका."

पिवळ्या पट्टीचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी गिळलं. पडलेल्या माणसाला लाथ मारणं माझ्याने होत नाही, आणि माझा स्वभाव काही फार चांगला आहे अशातला भाग नाही.

काका शुद्धीवर आले ते कण्हतच. बरगड्या मोडल्या होत्या. मला कुणी तुडवलं, म्हणून विचारायला लागले.

"मी," बाई म्हणाल्या.

"त्यात नवीन काय," काका म्हणाले. मला हसू आलं. बाईंना आलं नाही. त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं, यंत्राचं, पट्टीचं, गप्प बस म्हटल्याचं, एक अक्षर न लपवता. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "तिला बोलाव."

कुजबुज दुपारी आली. काकांनी हात जोडले, ती अवघडून गेली. बाईंनी तिला स्वतःची खुर्ची दिली आणि आपण उभ्या राहिल्या.

"तुला खात्री होती ना?" बाईंनी विचारलं. "माझे हात धरलेस तेव्हा?"

ती काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही, काकांना तर नाहीच. बाई खाली वाकल्या, कान तिच्याजवळ नेला. "परत सांग."

"नव्हती," कुजबुज म्हणाली. "एखाद्याचं अंग शॉकने फारसं हलत नाही. रेघेकडेही मी नीट पाहिलं की नाही, असं वाटत होतं. मी चुकत असेन आणि माझ्यामुळे काका जातील, म्हणून आधी नुसतं बोलून पाहिलं. दोनदा."

बाईंनी खाटेची दांडी धरली. त्या रडायला लागल्या, डोळे पुसायचंसुद्धा भान नाही. काकांनी सलाइनचा हात तसाच उचलून त्यांच्या मनगटावर ठेवला. माझेही डोळे भरून आले, त्यात लपवायचं काय.

"आणि चुकली असतीस तर?" बाई म्हणाल्या. "मी तुला जन्मभर माफ केलं नसतं. तुला डॉक्टर म्हणून कुठे उभं राहू दिलं नसतं मी. तुला माहीत होतं हे?"

"हो," ती म्हणाली. "माहीत होतं."