मायच्या हातची काळजी

ऑफिसात कुणी गोड आवाजात ‘काळजी घे’ म्हणालं की माझं डोकं फिरतं. म्हणायचं आणि गाडी काढून निघून जायचं! चिंता, धास्ती, घोर, टेन्शन, सगळं एकाच पोत्यात. काळजी मी आमच्या गावी, हिंगणीला पाहिली आहे. तिने माझा दात पाडला.

आमचं शेत जंगलाला लागून. रानडुकरं हरभरा उकरून टाकायची, म्हणून दादाने धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तार ओढून तिच्यात विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतला करंट सोडला. जीवघेणा प्रकार, पण आसपास बरेच जण तेच करायचे. सकाळी करंट बंद केला की दादा फाटकाला लाल फडकं बांधायचा, संध्याकाळी चालू करताना सोडायचा. मायचा फडक्यावर विश्वास नव्हता. ती आधी पेटीशी जाऊन खटका पाहायची. मी हसायचे, “किती चिंता करशील!”

त्या सकाळी आम्ही दोघी हरभऱ्याची भाजी खुडायला गेलो. फडकं दिसलं, मी सरळ तारेकडे निघाले. “थांब वं, पेटी पाहू दे!” माय ओरडत मागे धावली. आमचा कुत्रा माझ्यापुढे गेला आणि तारेला चिकटला. तो जे किंचाळला ते अजून माझ्या कानात आहे. मी त्याला ओढायला वाकले, तोच मायने वेणी धरून मला मागे दगडांवर आपटलं. दात पडला, तोंड रक्ताने भरलं.

तिने जाऊन खटका पाडला. कुत्रा मेला होता. दादा धावत आला. आदल्या संध्याकाळी फडकं सोडायचं तो विसरला होता. मायने कपाशीची वाळलेली पराटी उचलली आणि मोडेपर्यंत त्याला हाणलं. मग कुऱ्हाड घेऊन तार तोडत सुटली. सगळं एकाच हाताने.

“काऊन मारतं वं माय? पिकाच्या चिंतेनं झोप नाई मले!”

“चिंता तं लय हाय तुले. काळजी असती, तं फडकं सोडलं असतं.”

मला तिचा भयंकर राग आला होता. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. घरी आल्यावर मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला, तर तिची डावी मूठ उघडेना. मी एकेक बोट सोडवलं. आत माझे केस होते.