थांबणारे गुरुजी

गुरुजी गेल्याचं पांढरकवड्याहून आलेल्या ट्रकवाल्यानं सांगितलं, त्याला आता महिना होईल. रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत... वाईट वाटलंच, पण अंथरुणाला खिळले नाहीत, कुणाला करावं लागलं नाही, म्हणून जीव हलकाही झाला.

छप्पनच्या आगेमागे ते आमच्या तांड्याजवळच्या शाळेत आले. आधीच्या मास्तरांची छडी उत्तराची वाट पाहत नसे. हे मात्र प्रश्न विचारत आणि खुशाल थांबत. कुणी चुकलं तर रागावणं नाही, "हे कुठून सुचलं?" एवढंच विचारत, तेही मोठ्या माणसाला विचारावं तसं. घरी गोरबोली, म्हणजे आमची बंजाऱ्यांची बोली, बोलणाऱ्या आम्हा पोरांना मराठी जुळवायला वेळ लागे. तो वेळ गुरुजी देत. गाव म्हणे, मास्तर वर्गात डुलक्या घेतो!

एकदा शाळा तपासायला दिपोटी साहेब आले. माझा बा दाराबाहेर उभा होता. "पोरीचं हसू झालं त उद्यापासून शाळा बंद," असं त्यानं सकाळीच बजावलं होतं. साहेबांनी नेमकं मलाच उठवलं. "हैदराबादचा रस्ता कोणी केला?" पुस्तकातलं 'सरकारने' मला पाठ होतं, पण मनात दुसरंच येत होतं. मी मनातल्या मनात त्याची मराठी जुळवू लागले. साहेब दुसऱ्या मुलाकडे वळले, तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "थोडं थांबा साहेब, पोरगी विचार करून राह्यली."

केवढा वेळ गेला, देव जाणे. मग मी म्हणाले, "बैलायनं."

वर्गात खसखस पिकली. बाची मान खाली गेली. गुरुजी हसले नाहीत. "कसं काय, सांग बरं."

"आमच्या आज्याचे बैल मिठाच्या गोण्या नेत. त्यायच्या खुरायनं वाट पडली. मंग सरकारनं तिच्यावरच रस्ता केला."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. "खरं का हो?"

"खरं हाय साहेब," बा म्हणाला. "माह्या बापानं दाखवली मले ते वाट."

साहेबांनी मान डोलावली आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. शाळा वाचली. आज मीच शिकवते.

पण गुरुजींची खरी करामत माझ्या बावर चालली. पोरीला कधी काही न विचारणारा माणूस त्यानंतर कपाशी विकण्याआधीसुद्धा मला विचारू लागला. परवा आम्ही गुरुजींच्या घरी भेटायला निघालो, तर पायात जोडे घालता घालता म्हणाला, "तिथं काय बोलावं, पोरी? तुले काय वाटते?"

माझे डोळे भरून आले. बा जोडे तसेच ठेवून उंबऱ्यावर बसला, आणि माझ्या उत्तराची वाट पाहत राहिला.