मोठ्या काकांच्या फाटकासमोरचा चढ

बाबा गेले त्याला तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा मोठे काका आमच्या घरी आले आणि आम्हाला वाटून गेले. वाटून म्हणजे अगदी वाटून. दादा त्यांच्याकडे, मी मावशीकडे, आई मामाकडे आणि बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी गाडी जो घेईल त्याच्याकडे. हे सांगताना त्यांनी एकेक बोट मोजलं आणि चौथं बोट गाडीचं होतं. मी तेव्हा बारा वर्षांची होते. त्या दिवशी ते माझ्या डोक्यात गेले ते आजतागायत.

काका मनाने वाईट नाहीत, असं आई अजूनही म्हणते. असतील बुवा चांगले. त्यांना मूलबाळ नव्हतं, दोन मजली घर होतं, आणि भावाच्या पोराला स्वतंत्र खोली मिळावी, चांगली शाळा मिळावी असं त्यांना खरंच वाटत होतं. पण आईला काय वाटतं हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

तिने न विचारताच सांगितलं. "मुलं वाटायची नाहीत, भाऊजी. आणि गाडी विकायची नाही."

"मग चालवणार कोण ती?"

"मी."

काका हसले, त्यांच्याबरोबर आलेली काकू हसली, आणि खरं सांगायचं तर मीही हसले. आईला साधी सायकल येत नव्हती. पंधरा वर्षं ती ड्रायव्हिंग स्कूलच्या टेबलामागे बसून फॉर्म भरत होती, फोन घेत होती, रडकुंडीला आलेल्या शिकाऊंना पाणी देत होती. स्टिअरिंगला तिचा हात लागला असेल तर तो फडक्याने पुसण्यापुरता.

बाबांच्या गाडीची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींकडे शिकवण्याचा जुना परवाना होता. सकाळचे विद्यार्थी त्यांनी सांभाळले आणि दुपारी ते आईला शिकवू लागले. मला घरी एकटं ठेवायला नको म्हणून मी मागच्या सीटवर, मांडीवर वह्या घेऊन. मिस्त्री मुलखाचे शांत, पण आईने त्यांचा अंत पाहिला. "बाई, गिअर आहे तो, हापसा नाही," एवढंच ते दर दहा मिनिटांनी म्हणायचे.

परीक्षेला ती आमचीच गाडी घेऊन गेली. शिकवण्याच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. परीक्षा घेणारे साहेब तिथे बसले आणि आईने जरा वळण घेतलं की घाबरून स्वतःच तो ब्रेक दाबू लागले. गाडी आचके देत परत आली. साहेबांनी नापासाचा शेरा मारायला पेन काढलं.

आई म्हणाली, "साहेब, गाडी चारदा थांबली. चारही वेळा पाय तुमचा होता. मग तुमचा पाय नापास करा की, मला कशाला करता?"

रांगेतली माणसं कान देऊन ऐकत होती. साहेबांनी पाय सीटवर घेऊन, मांडी घालून पुन्हा एक फेरी मारली आणि तिला पास केलं.

दादाला मात्र यात गंमत वाटत नव्हती. तो सोळा वर्षांचा होता, त्या वयात आई नुसती रस्त्याने चालत गेली तरी लाज वाटते. परवाना मिळून आठवडा झाला असेल नसेल, नेमकी शाळा सुटायच्या वेळी शाळेसमोरच्या चौकात आईची गाडी बंद पडली. मागे बस, बसच्या मागे ट्रक, सगळ्यांचे हॉर्न, आणि आमच्या टपावर भल्यामोठ्या अक्षरांत 'शिकाऊ'. दादाच्या वर्गातल्या मुलांनी टाळ्या पिटल्या. मी काचेतून पाहिलं, दादा त्या घोळक्यातच उभा होता. तो गाडीकडे आला नाही. त्या संध्याकाळी त्याने स्वतःहून मोठ्या काकांना फोन केला.

आई भांडली नाही. "जायचंय?" एवढंच विचारलं.

"हो."

"मग मी सोडते."

काका टॅक्सी पाठवणार होते, तिने त्यांना साफ नाही म्हणून सांगितलं. त्यांचं घर आमच्या भागातल्या सगळ्यात उभ्या चढावर आहे. त्या चढावर गाडी तीनदा बंद पडली. दादा मान खाली घालून बसला होता. फाटकाशी उतरताना तो "येतो" म्हणाला, आई "ये" म्हणाली, आणि तिने गाडी वळवली. परतताना ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून होती. मी काही बोलायला गेले, तर म्हणाली, "आत्ता बोलू नकोस माझ्याशी, चौक येतोय."

पुढचे सहा महिने दादा फक्त रविवारी येई, पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसे आणि पाच वाजले की काका त्याला न्यायला हजर. अशाच एका रविवारी दारात चपला घालता घालता काका म्हणाले, "पुढच्या वर्षीच्या शाळेच्या फॉर्मवर पालक म्हणून माझंच नाव घालतो. महिनाअखेर फॉर्म भरायचाय. उगाच दोन घरांचा घोळ नको."

दादा त्यांच्या मागोमाग चपला घालू लागला. आई म्हणाली, "बघू."

आईचं 'बघू' ज्यांनी अनुभवलंय त्यांना त्याचा अर्थ माहीत आहे. त्याच आठवड्यात तिला शिकवण्याचा परवाना मिळाला होता. सोमवारपासून तिने आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचा रस्ता बदलला. चढावर गाडी थांबवायची, हँडब्रेक ओढायचा, हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, ती पुन्हा उचलायची, हा धडा प्रत्येक शिकाऊला शिकवावाच लागतो. हा धडा आता रोज, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी तीनदा, मोठ्या काकांच्या फाटकासमोर होऊ लागला.

काय ती शोभा! शिकायला येणारी दातांची डॉक्टरीणबाई इंजिन असं काही रेस करायची की समोरच्या घरातली कुत्री एका सुरात ओरडायला लागायची. निवृत्त शाळामास्तर तर ब्रेकऐवजी हटकून हॉर्नच दाबायचे. तिसऱ्या दिवशी काका बनियनवरच बाहेर आले.

"हा काय तमाशा मांडलायस?"

"तमाशा कसला? चढ शिकवतेय," आई गाडीतूनच म्हणाली.

"दुसरे चढ नाहीत का?"

"आहेत की ढीगभर. पण त्या चढांवर माझा मुलगा राहत नाही."

काकांनी वाहतूक पोलिसाला आणलं. त्याने रस्ता पाहिला, गाडी पाहिली, परवाना पाहिला, आणि 'शिकाऊला चढ शिकवू नये' असा काही नियम नाही म्हणून निघून गेला. जाताना आपल्या बायकोसाठी फीची चौकशीही करून गेला.

पहिले काही दिवस गाडीचा आवाज आला की वरच्या खोलीची खिडकी बंद व्हायची. मला ते फार लागायचं, मागच्या सीटवर मी वहीत डोकं घालायचे. आई वर बघायचीही नाही. दुसऱ्या आठवड्यात खिडकी अर्धी उघडी राहू लागली. आणि एकदा डॉक्टरीणबाईंच्या हातून गाडी मागे घसरायला लागली, तर वरून आवाज आला, "अहो, हँडब्रेक!" आवाज दादाचा होता. आईने त्याही वेळी वर पाहिलं नाही, पण घरी जाईपर्यंत ती स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती.

महिना संपायला चार दिवस राहिले होते. मास्तर स्टिअरिंगवर. फाटकाच्या जरा वर, चढावर त्यांनी गाडी थांबवली, क्लच भसकन सोडला, इंजिन बंद, आणि गाडी मागे सरकू लागली. सरळ काकांच्या फाटकाकडे. मास्तरांनी नेहमीप्रमाणे हॉर्न दाबला. मी किंचाळले. तेवढ्यात दादा जिन्यावरून धावत आला, अनवाणी, हातात कुंडीखालची वीट. त्याने ती धाडकन मागच्या चाकामागे टाकली आणि तिथेच धापा टाकत उभा राहिला. गाडी विटेपासून हातभर अलीकडेच थांबलेली होती.

आईने काच खाली केली. "वीट कशाला? ब्रेकवर माझा पाय आहे."

दादा तिच्याकडे बघतच राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. "मला वाटलं, तुला नाही जमणार."

"सगळ्यांनाच वाटलं होतं. काढ ती वीट."

काका फाटकात आले होते. "वर चल. उद्या फॉर्म भरायचाय आपल्याला."

दादाने वीट उचलून नीट फाटकाशी ठेवली. मग गाडीचं मागचं दार उघडून मला म्हणाला, "सरक." मी वह्या खाली टाकून सरकले.

"विचारलंस कुणाला?" काका आईवर ओरडले.

आई उतरली. त्या फाटकाशी ती पहिल्यांदाच गाडीबाहेर आली होती. "भाऊजी, तुम्ही माझ्या मुलाला खाऊपिऊ घातलंत, ते मी विसरणार नाही. पण फॉर्मवर नाव माझं लागेल. मी जिवंत आहे."

मागे काकू उभी होती, तिने काकांच्या दंडाला हात लावला.

आई परत येऊन बसली आणि मागे वळून दादाला म्हणाली, "बॅग?"

"राहू दे ती."

"राहू दे कशी? तुझा एक मोजासुद्धा इथे ठेवायचा नाही. जा, घेऊन ये सगळं. घाई नाही, आम्ही इथेच आहोत, मास्तरांना अजून चढ यायचाय."

तो दोन बॅगा, एक उशी आणि पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आला. सगळं मागे कोंबलं, आम्ही दोघं त्यात रुतून बसलो. आईने मास्तरांना सांगितलं, "चला. आता वजन वाढलंय, ॲक्सिलरेटर जरा जास्त द्या."

मास्तरांनी घाम पुसला, क्लच सोडला आणि गाडी पुन्हा बंद पाडली. आणि काका फाटकात उभे असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत, आम्ही तिघं पोट धरधरून हसलो.